लपण लावून पसार कसे व्हावे

चंडोलाचे हवे तसे फोटो मिळाले, लेन्स, ट्रायपॉड, बीनबॅग, घडीची खुर्ची सगळं गाडीत भरलं. आता राहिलं ते माळावरचं हाइड, म्हणजे फोटो काढायला बांबू-जाळीचं केलेलं लपण. राहू द्या हो! गायरान आहे, म्हणजे कुणाचंच नाही. परवा एकाच गायरानात असे तीन सांगाडे दिसले; तुमचा चौथा उभा राहिला तर शोभाच वाढेल.

बांधायला सुतळी मुळीच वापरू नका. ती पावसात कुजून आपोआप सुटते, मग आपली आठवण राहणार कशी? बाइंडिंग वायर घ्या आणि बाभळीच्या खोडाला पकडीने करकचून तीन वेढे द्या. खोड जाड होतं, तार काही सैल होत नाही. ती सालीत रुतते आणि तिच्या वरचा भाग हळूहळू वाळतो. काम पक्कं.

शेडनेट हिरवीच आणा. एप्रिलमधल्या पिवळ्याधमक माळावर ती लांबून काय छान उठून दिसते! उन्हात तिचे धागे सुटू लागले की पक्ष्यांच्या पायात अडकायचीही सोय होते.

वनरक्षकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारू नका. विचारलं की ते उत्तर देतात.

घरट्यापासून अंतर किती? मोबाइलवरही फोटो येईल इतकं.

फ्रेममध्ये गवताची काडी येत असेल तर उपटून टाका. चंडोलाची मादी मुद्दाम गवताच्या बुंध्याशी, सावली बघून घरटं करते, पण तिला फोटोतलं काय कळतं? तुम्ही समोर ठिय्या दिलात की ती घरट्यावर येत नाही. अंडी मग उघड्या उन्हात. पुढचं सांगायला नको.

आता गरुडाचं. चिकनच्या दुकानातून दोन किलो पाय आणि आतडी आणायची आणि खुंटाला तारेने बांधायची, म्हणजे गरुड घेऊन उडत नाही, तिथंच बसून खातो. फोटो झकास. उरलेलं तिथंच टाकून या. पहिल्या दिवशी गावातली दोन कुत्री येतील, आठवड्याने आठ. तुमची सुट्टी संपते, चिकन बंद होतं, कुत्री मात्र माळावरच राहतात. मग ती टिटवीची पिल्लं खातात, ससे धरतात, चिंकाराच्या पाडसामागे लागतात. त्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग खोकडाला होतो. धनगराचं कोकरू गेलं की शिव्या लांडग्याला! आणि इकडे तुम्ही ‘माळरान वाचवा’ म्हणून तोच गरुड पोस्ट करता, वर ‘नॅचरल लाइट, नॅचरल हॅबिटॅट’. खुंटाची तार क्रॉप केलीत ना? लाज कशी वाटत नाही?

‘आम्ही काय शिकारी आहोत का?’ असं पुन्हा विचारू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणं येतं. बंदूक लागत नाही त्याला.

चार बांबू, एक जाळी, पाच-सहा वेढे तार. सोडवायला दहा मिनिटं लागतात. तीन किलोची लेन्स खांद्यावरून मिरवता आणि जाळीची गुंडाळी तेवढी जड होते? जा, या रविवारी काढून आणा. आणि पक्कड घेऊन जा, ती तार हाताने सुटत नाही.