लघवीच्या एका तपासणीत किडनीचा कॅन्सर कळतो? अजून नाही

सध्या फिरणारा मेसेज असा: 'किडनीचा कॅन्सर आता लघवीच्या साध्या तपासणीत ९५ टक्के अचूक कळतो. चाळिशीनंतर प्रत्येकाने ती करावीच. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर मात्र काळजी नको.'

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण सगळ्यांत घातक तेच आहे. क्रिएटिनिन या रक्ततपासणीवरून किडन्या रक्त किती गाळतात एवढंच कळतं. एक किडनी दान केलेल्या माणसाचं क्रिएटिनिनही बहुतेक वेळा नॉर्मलच्या आसपास राहतं. मग एका किडनीच्या टोकाला चार सेंटिमीटरची गाठ असूनही रिपोर्टवर ०.९, म्हणजे अगदी नॉर्मल, येऊ शकतं. असा रिपोर्ट पाहून लघवीतल्या रक्ताकडे दुर्लक्ष करणं जिवावर बेतू शकतं.

आता ९५ टक्के. हा आकडा बहुधा सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या २०१५ च्या अभ्यासावरून आला असावा. तिथे ॲक्वापोरिन-१ आणि पेरिलिपिन-२ ही प्रथिनं लघवीत मोजली आणि निकाल खरोखर उमेद वाढवणारे होते. पण त्यात निदान आधीच झालेले किडनी कॅन्सरचे रुग्ण होते फक्त १९. एवढ्यावर सगळ्या गावाची तपासणी ठरवता येत नाही.

आणि ९५ टक्के खरे धरले तरी 'प्रत्येकाने करावी' हे पटत नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ५५ ते ८० वयाच्या ४,०१९ जणांच्या पोटाचं सीटी स्कॅन झालं. किडनीचा कॅन्सर निघाला १० जणांना. याच लोकांची, रुग्ण आणि निरोगी अशा दोघांतही पाच टक्के चुकणारी तपासणी केली असती तर नऊ-दहा रुग्ण सापडले असते, पण सुमारे २०० निरोगी माणसांना 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट मिळाला असता. पुढे त्यांच्या मागे सीटी, कदाचित बायोप्सी, रात्रीची झोप उडणं. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच विरळ, म्हणजे हिशेब आणखी वाईट.

रक्तातलं किम-१ हे प्रथिन मला जास्त आश्वासक वाटतं. २०१८ च्या युरोपीय अभ्यासात ते निदानाच्या काही वर्षं आधीच वाढलेलं दिसलं. पण किडनीला इतर कारणाने इजा झाली तरी ते वाढतं, आणि मधुमेहाने किडन्या बिघडलेले आपल्याकडे घरोघरी आहेत. म्हणून त्याच्या मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात.

तोवर, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या. घरात व्हीएचएलसारखा (व्हॉन हिपेल-लिंडाऊ), किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक आजार असेल तर नियमित स्कॅन आजही सुचवले जातात, आणि त्यांना चाळिशीची वाट पाहायची नसते.