‘तत्त्व तुमचं, भुर्दंड माझा’: तुमच्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्या ऑनलाइन दुकानातून गाण्यांचा अल्बम विकत घेतलात, डाउनलोडला फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस हे दोनच फाइल-प्रकार (फॉरमॅट) दिसले आणि गाडीतल्या प्लेअरने दोन्ही ओळखले नाहीत. आमच्या मदत विभागाने ‘ऑगची फाइल एमपीथ्रीत बदलून घ्या’ असं कळवून हात झटकले. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘तत्त्व तुमचं, भुर्दंड माझा.’ हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे.

एमपीथ्री न विकण्यामागे आमच्याकडे एकेकाळी ठोस कारण होतं. जिकडेतिकडे एमपीथ्री वाजत असल्यामुळे तो कुणाच्याच मालकीचा नाही असं लोकांना वाटायचं. प्रत्यक्षात त्यावर पेटंटं होती आणि परवान्याचं काम थॉमसन कंपनी पाहायची. १९९८ मध्ये एमपीथ्री घडवण्यात मोठा वाटा असलेल्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने एन्कोडर, म्हणजे गाण्याची एमपीथ्री फाइल करणारी सॉफ्टवेअरं, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांना पत्रं पाठवून परवान्याची मागणी केली. पुढे दरपत्रकात गाणी विकणाऱ्यांसाठीही रकाना आला: ठरावीक उलाढालीच्या वर गेलात की त्या उत्पन्नाचे २ टक्के. गाणं कलाकाराचं, पैसे श्रोत्याचे, आणि फाइल कोणत्या साच्यात ओतली याची जकात मात्र तिसऱ्यालाच. जुलै २००२ मध्ये ऑग व्हॉर्बिसची १.० आवृत्ती आली ती याच जाचाला पर्याय म्हणून. आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा फ्लॅक त्याआधी वर्षभर आला होता. दोन्ही वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही ते निवडले याचा मला आजही अभिमान वाटतो.

मात्र २३ एप्रिल २०१७ रोजी एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम बंद झाला. पेटंटांच्या मुदती संपल्या होत्या. आमचं कारणच उरलं नाही, पण धोरण तसंच राहिलं. फॉरमॅटबद्दलचं पान एकदा लिहिलं, ते बरोबरच आहे असं धरून चाललो आणि पुन्हा उघडून वाचलं नाही. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी हे सुरू केलं त्यांचाच एक पर्याय आम्ही इतकी वर्षं अडवून ठेवला. ही चूक माझी आहे. तुमची माफी मागतो.

मदत विभागाचा सल्लाही चुकीचा होता. ऑग व्हॉर्बिस करताना आवाजातला काही भाग एकदा गाळलेला असतो. त्यातून एमपीथ्री केला की दुसऱ्यांदा गाळणी लागते, आणि झांजा, टाळ्या असल्या आवाजांत ते कधीकधी कानाला कळतं. बदल करायचाच तर फ्लॅकमधून करावा. तुम्ही ऑगमधून फाइली केल्या असतील तर त्या काढून टाका.

आता तुमच्या खात्यात त्याच अल्बमचा एमपीथ्री दिसेल, मूळ फ्लॅकवरून ३२० केबीपीएसला, म्हणजे एमपीथ्रीच्या सर्वांत वरच्या दर्जाला, केलेला. काही जुन्या प्लेअरना टॅगची (फाइलीतच नोंदलेल्या गाण्याच्या नावाची, कलाकाराची माहिती) २.४ आवृत्ती वाचता येत नाही आणि गाण्यांची नावं कोरी दिसतात, म्हणून टॅग २.३ चे ठेवले आहेत. बाकीच्या अल्बमांचं काम सुरू आहे. जुन्या खरेदीवरही एमपीथ्री मिळेल, वेगळे पैसे न भरता.

तुमची दुसरी मागणी मात्र मी मान्य करणार नाही. ‘इतर दुकानांसारखा एखादा खास हाय-रेझ फॉरमॅट द्या, ज्याने उपकरणावर वेगळा दिवा लागतो,’ असं तुम्ही म्हणता. हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा अधिक बारकाव्याचा आवाज. एमक्यूए हा तसाच फॉरमॅट होता. २०१४ मध्ये जाहीर झाला, मोठा गाजावाजा झाला. साध्या प्लेअरवर ती फाइल वाजायची, पण पूर्ण उलगडायला परवाना घेतलेला डिकोडरच (फाइल उलगडणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) लागायचा. २०२३ मध्ये त्यामागची कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली, आणि २०२४ मध्ये टायडल या संगीत ऐकवणाऱ्या सेवेने एमक्यूए सोडून फ्लॅक घेतला. ज्यांनी त्या दिव्यासाठी नवं यंत्र घेतलं त्यांच्या हाती काय राहिलं? आमच्याकडे २४ बिटचं मूळ ध्वनिमुद्रण असेल तर ते फ्लॅकमध्येच मिळतं, फ्लॅक ओळखणाऱ्या कुठल्याही प्लेअरवर वाजवा.

‘आमच्या ॲपमध्येच वाजेल’ अशी कुलूपबंद फाइल तर नाहीच नाही. पेटंटाला निदान मुदत असते. कुलपाची किल्ली दुकानदाराच्या सर्व्हरवर असते आणि दुकान बंद झालं की ती त्याच्याबरोबर जाते. याहूने २००८ मध्ये आपलं संगीताचं दुकान गुंडाळलं तेव्हा गिऱ्हाइकांना गाणी सीडीवर उतरवून ठेवायला सांगावं लागलं होतं. पैसे मोजून घेतलेली गाणी! उद्या माझं दुकान राहिलं नाही तरी तुमच्याकडची फाइल वाजलीच पाहिजे, हे मला विक्रीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. म्हणून आमच्याकडच्या एकाही फाइलीला कुलूप नाही. तुमच्या दहा यंत्रांवर ठेवा, प्रती काढून जपा.

पैसे परत हवे असतील तर आमच्या उत्तराच्या ईमेलवर एवढंच कळवा, कारण विचारणार नाही, आणि डाउनलोड केलेल्या फाइली तुमच्याकडेच राहू द्या. तारे बदला असं म्हणत नाही. तुम्ही लिहिलंत त्या दिवशी ते बरोबरच होते. फक्त एक मदत करा: नवी फाइल गाडीत लावून पाहा आणि गाण्यांची नावं नीट दिसतात का ते सांगा. नसतील दिसत, तर इतरांना फाइली देण्याआधी टॅग दुरुस्त करतो.