धर्माच्या नावाने बोलायचं, तर धर्माचा सगळा इतिहास सांगा

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला. त्याआधी तोच मजकूर मला आणखी दोन ठिकाणांहून आला होता. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गर्भपाताच्या हक्काची मागणी धर्म सोडलेल्या लोकांनी उभी केली. जगातला प्रत्येक धर्म गर्भपाताला पापच मानतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क काढून घेतला, तेव्हा श्रद्धावानांना न्याय मिळाला. आपल्याकडे आधीच मुली पोटात मारल्या जातात, त्यात असे हक्क म्हणजे आगीत तेल. आणि शेवटी, खरा धार्मिक माणूस या बाजूने उभा राहूच शकत नाही. खाली अकरा जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून लिहिलं होतं, त्यात माझी सख्खी आत्येबहीणही होती. ती मनाने वाईट नाही. तिला दुसरी बाजू कुणी सांगितलेली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

'धर्म सोडलेल्यांनी मागणी उभी केली' हे म्हणणं सर्वांत चुकीचं आहे, म्हणून आधी तेच घेते.

न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या दक्षिणेला जडसन मेमोरियल चर्च आहे. हॉवर्ड मूडी हे तिथले पास्टर. ते बाप्टिस्ट होते, मूळचे टेक्सासचे, आणि दुसऱ्या महायुद्धात मरीन म्हणून लढलेले. त्या काळी न्यूयॉर्कच्या कायद्यात बाईचा जीव वाचवण्याखेरीज कुठल्याही कारणासाठी गर्भपात हा गुन्हा होता. पैसेवाल्या बायका परदेशी जात. बाकीच्यांच्या नशिबी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं टेबल, लपूनछपून काम करणारा माणूस आणि पुढे ताप, सेप्टिक, कधी मरण. २२ मे १९६७ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली, की २१ धर्मोपदेशक, म्हणजे १९ ख्रिस्ती पाद्री आणि २ यहुदी रब्बी, अशा बायकांना उघडपणे मदत करणार आहेत. 'क्लर्जी कन्सल्टेशन सर्व्हिस ऑन अबॉर्शन' हे नाव त्यांनी मुद्दाम ठेवलं. त्यात 'अबॉर्शन' हा शब्द असलाच पाहिजे, आडपडदा नको, असा मूडींचा आग्रह होता.

काम कसं चालायचं ते बघा. फोन लावला की टेपवर आवाज ऐकू यायचा. त्या आठवड्यात कोण पाद्री, कोण रब्बी भेटायला मोकळे आहेत, त्यांची नावं आणि नंबर त्यावर सांगितलेले असत. बाई चर्चच्या कचेरीत जाऊन बसायची आणि जे घरी, नवऱ्याला, आईला सांगता येत नव्हतं ते धर्मगुरूला सांगायची. काय काय मार्ग आहेत ते तो तिला समजावून सांगायचा. निर्णय मात्र तिचा. तिने गर्भपात ठरवला, तर खात्रीच्या डॉक्टरचा पत्ता मिळायचा. ही खात्री कुणी केली? चर्चच्या व्यवस्थापक आर्लिन कारमेन यांनी. त्या स्वतः गरोदर असल्याचं सांगून डॉक्टरांकडे जात. जागा स्वच्छ आहे का, माणूस नीट बोलतो का, पैसे किती मागतो, हे डोळ्यांनी बघून मगच नाव यादीत घालत.

हे लोण देशभर पसरलं. पुढे शेकड्यांनी धर्मोपदेशक त्यात आले, काहींवर खटले भरले गेले, तरी काम थांबलं नाही. १ जुलै १९७० ला न्यूयॉर्कमध्ये गर्भपात कायदेशीर झाला, तेव्हा गरीब बाईला परवडेल असा दवाखाना उभा करायलाही हीच मंडळी धावली. अमेरिकाभर गर्भपाताचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा रो विरुद्ध वेड हा निकाल आला जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे या पाद्र्यांनी फोन सुरू केल्यानंतर साडेपाच वर्षांनी. ज्यांनी कायद्याच्याही आधी स्वतःची नावं वर्तमानपत्रात छापून धोका पत्करला, त्यांना 'धर्म सोडलेले' कसं म्हणायचं?

संततिनियमनाचंही तसंच. अँग्लिकन चर्चने १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत, अटी घालून का होईना, विवाहितांच्या संततिनियमनाला मान्यता दिली. १९६६ मध्ये संततिनियमनाचं काम करणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहूड या अमेरिकी संस्थेने आपला मार्गारेट सँगर पुरस्कार एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाला दिला आणि त्याने तो स्वीकारला. त्या धर्मोपदेशकाचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

आता 'प्रत्येक धर्म पापच मानतो' या वाक्याकडे येऊ. आधी जे खरं आहे ते कबूल करते. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका कडक आहे. आपल्या स्मृतींमध्ये भ्रूणहत्येला घोर पातक म्हटलं आहे, तेही मी झाकत नाही. पण 'प्रत्येक' हा शब्द खोटा आहे. यहुदी परंपरेतल्या मिश्ना या ग्रंथात बाळंतपणात अडलेल्या बाईचा प्रश्न येतो. तिथे स्पष्ट सांगितलं आहे, की तिच्या जिवाला धोका असेल तर पोटातला गर्भ तुकड्यांनी काढावा, कारण तिचा जीव आधी. मुलाचा बहुतेक भाग बाहेर आल्यावर मात्र त्याला हात लावायचा नाही, कारण मग तो दुसरा जीव झाला. हा ग्रंथ जवळपास अठराशे वर्षांपूर्वीचा आहे. इस्लाममध्ये गर्भात प्राण १२० व्या दिवशी फुंकला जातो असं मानणारा मोठा प्रवाह आहे. त्याआधी सबळ कारण असेल तर गर्भपाताला हनफी पंथाच्या अनेक पंडितांनी मुभा दिली, मालिकी पंथ मात्र कडक राहिला. ट्युनिशिया या मुस्लिम देशाने १९७३ मध्येच पहिल्या तीन महिन्यांत बाईच्या मागणीवरून गर्भपाताची परवानगी दिली. मतं अशी वेगवेगळी असताना एकाच ठिकाणची उचलून 'सगळे धर्म' म्हणून फिरवायची, हे बरोबर नाही.

आणि आज जे गट सर्वांत मोठ्याने विरोध करतात, त्यांचं तरी पहिल्यापासून हेच मत होतं का? सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संघ. १९७१ मध्ये सेंट लुइस इथल्या अधिवेशनात त्यांनी ठराव केला, की बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार, गर्भातलं गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक वा भावनिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताची मुभा देणारे कायदे व्हावेत म्हणून सदस्यांनी झटावं. १९७४ मध्ये त्याच भूमिकेला दुजोरा दिला. कडक बंदीची मागणी आली ती १९८० मध्ये. बायबल तेच, देव तोच. बदललं ते संघाचं नेतृत्व आणि देशाचं राजकारण. मत बदलायचा त्यांना हक्क आहे, पण ते 'सनातन' आहे असं सांगू नये.

'२०२२ मध्ये श्रद्धावानांना न्याय मिळाला' म्हणे. कुठल्या श्रद्धावानांना? त्याच वर्षी प्यू रिसर्च सेंटरने केलेल्या पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या शब्दाला धरून चालणाऱ्या, प्रोटेस्टंटांपैकी सुमारे ७४ टक्के लोक बंदीच्या बाजूने होते. पण कॅथलिकांपैकी ५६ टक्के आणि कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी ६६ टक्के लोकांनी सांगितलं, की सर्व किंवा बहुतेक प्रसंगी गर्भपात कायदेशीर असावा. हे सगळे चर्चला जाणाऱ्या घरांतले लोक आहेत. त्यांना न्याय मिळाला की त्यांच्यावर दुसऱ्याचा धर्म लादला गेला?

इंडियाना राज्यातली गोष्ट तर मुळातून समजून घ्यावी अशी आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे जवळजवळ संपूर्ण बंदीचा कायदा झाला. 'हूझियर ज्यूज फॉर चॉइस' ही यहुदी संघटना आणि काही स्त्रिया न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या धर्माप्रमाणे बाईचा जीव आणि तिचं आरोग्य आधी येतं. हा कायदा आम्हाला आमचा धर्म पाळू देत नाही. त्यांनी आधार घेतला इंडियानाच्या २०१५ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा, जो माइक पेन्स यांनी गव्हर्नर असताना सही करून आणला होता. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायाधीशांनी या याचिकाकर्त्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि एप्रिल २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. श्रद्धेचं रक्षण करायला आणलेला कायदा अशा रीतीने बंदीच्या विरोधात उभा राहिला.

एकाच धर्ममताचा कायदा सगळ्यांवर लादला की काय होतं, हे आपल्या माणसांना दुरून बघावं लागलेलं नाही. सविता हलप्पनवार बेळगावची लेक, दाताची डॉक्टर, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. मूल वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळलं होतं. ती गर्भपात करा म्हणून विनवत होती. हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला ऐकवलं गेलं. तिचा स्वतःचा धर्म वेगळा होता, पण तिथे कुणी तो विचारात घेतला नाही. २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. बेळगावच्या घरात त्या वर्षी दिवाळी कशी गेली असेल, याचा विचार मला अजून सोडत नाही.

पुढे २५ मे २०१८ रोजी आयर्लंडमध्ये सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली बंदी उठवायचा कौल दिला. दोनच वर्षांपूर्वीच्या जनगणनेत त्या देशातल्या दर चार जणांपैकी तिघांहून अधिकांनी आपला धर्म कॅथलिक असा नोंदवला होता. तेव्हा कौल देणाऱ्यांत बहुसंख्य कोण असणार ते सांगायला नको. डब्लिनमधल्या एका भिंतीवर सविताचं चित्र रंगवलेलं होतं आणि लोक तिथे चिठ्ठ्या चिकटवत होते.

'मुली पोटात मारल्या जातात' हा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. घोटाळा आपल्या शब्दातच आहे. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आपण इतका वापरला, की आता कुठलाही गर्भपात म्हटला की तोच डोळ्यांपुढे येतो. मुलगी आहे म्हणून सोनोग्राफी करून गर्भ पाडायला लावतात, तेव्हा निर्णय बहुतेक वेळा सासू, नवरा, घर घेतं. बाईला 'मला ही मुलगी हवी' म्हणायची सोय नसते. म्हणजे तिथेही तिचा हक्कच हिरावला जातो. लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदू शकतात, कारण दोन्हींच्या मुळाशी बाईचं माणूसपण आहे.

१९९४ मध्येच शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'प्रजनन न्याय' हा विचार मांडला. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क, तिन्ही एकत्र. त्यांच्या समाजातल्या बायकांची संमती न घेता गर्भाशयं काढली गेली होती, नसबंद्या केल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांना नुसता गर्भपाताचा हक्क अपुरा वाटला. हे वाचताना मला बीड आठवतं. २०१९ मध्ये सरकारने पाहणी केली तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली होती. कोयता बंद पडू नये, खाडा होऊ नये, म्हणून पोटावर सुरी. धर्माच्या नावाने मजकूर फिरवणाऱ्यांपैकी कुणी या बायकांवर एक ओळ लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना सांगितलं होतं, की गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं हे तुमच्या खुषीवर. निर्मिकावर श्रद्धा असलेल्या माणसाने 'तुमच्या खुषीवर' हे तेव्हा म्हटलं.

राहिला शेवटचा दावा, खऱ्या धार्मिकाचा. जॉर्ज टिलर हे कॅन्सस राज्यातले गर्भपात करणारे डॉक्टर. ३१ मे २००९ च्या रविवारी त्यांना गोळी घालून मारलं, तेव्हा ते विचिटातल्या आपल्या लुथरन चर्चमध्ये प्रार्थनेला येणाऱ्यांचं स्वागत करत होते. ते त्या चर्चचे नेमलेले सेवेकरी होते.

पण मला जास्त जवळचं सांगायचं आहे. माझी आजी माळकरी. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, आषाढीला जमेल तेव्हा पायी वारी. फलटणच्या बाजूला आमचं गाव. गर्भपाताचा कायदा लागू झाल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. शेजारच्या काकूंना चार लेकरं होती, पाचव्याचे दिवस गेले होते. चौथ्या बाळंतपणात त्या रक्त जाऊन मरता मरता वाचल्या होत्या. नवरा मुंबईला गिरणीत. त्या आजीकडे येऊन नुसत्या रडत होत्या, मला एवढंच आठवतं. बाकीचं आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आजीने त्यांना सकाळच्या एसटीने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत कुणीतरी विचारलं, माळ घातलेल्या बाईने हे करावं का? आजी म्हणाली, "पाप लागायचं तर मला लागू दे. हिची चार लेकरं उघडी पडायला नकोत."

संध्याकाळी दोघी परत आल्या. काकूंना आमच्याच माजघरात निजवलं आणि हरिपाठ रोजच्या वेळेला झाला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. एकादशीला आमच्या घरी कधी भात शिजत नसे. त्या दिवशी आजीने चूल पेटवून काकूंसाठी मऊ भात केला, वर तूप घातलं, आणि स्वतः उपाशीपोटी त्यांच्या उशाशी बसून एकेक घास भरवला.