मिश्रणात माती-खत का नाही: एका तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

गुलाबाच्या कटिंगसाठी आमच्याकडून नेलेल्या मिश्रणाला तुम्ही एकच तारा दिलात. पिशवीत माती नाही, खत नाही, नुसता नारळाचा भुसा आणि पांढरे खडे, म्हणून तुम्ही त्यात शेणखत आणि बागेतली माती कालवली, रोज पाणी घातलंत. तरी सगळ्या काड्या काळ्या पडल्या, असं तुम्ही लिहिलंय. हौसेने लावलेलं वाया गेलं की जीव हळहळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माती आणि खत आम्ही मुद्दामच घालत नाही. कटिंगला मुळंच नसतात, मग खत घेणार कशाने? मुळं फुटेपर्यंत ती काडीतल्या साठ्यावर आणि ठेवलेल्या एक-दोन पानांवर तगते. खालच्या कापाला ओल हवी आणि हवाही हवी. कोकोपीट, म्हणजे तो नारळाचा भुसा, ओल धरतं; पांढरे खडे म्हणजे परलाइट, त्याने मिश्रण पोकळ राहतं. बारीक माती मिसळली की ही पोकळी बुजते, रोजच्या पाण्याने तळ चिकट होतो आणि गुदमरलेल्या कापावर बुरशी चढते. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर आणखीच लवकर.

तुमच्या फोटोत काळेपणा बुडापासून वर चढलाय, शेंड्याकडची साल अजून हिरवी आहे. ही कूज आहे. पाणी कमी पडलं असतं तर काडी शेंड्याकडून वाळत खाली आली असती.

कोकोपीटही कुठलंही चालत नाही. बाजारात दाबून विकतात त्या कोकोपीटच्या न धुतलेल्या विटेत क्षार असतात, कोवळी मुळं त्याने करपतात. आम्ही ते धुऊन, निथळूनच मिसळतो. परलाइट मिळालं नाही तर धुतलेली जाड वाळू घ्या, बांधकामाची बारीक नको.

फांदी कोणत्या गुलाबाची होती तेही कळवा. गावठी गुलाब सहज लागतो. हायब्रिड जाती बहुतेक खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळं असलेल्या बुंध्यावर, डोळा (फांदीवरचा अंकुर) भरून वाढवतात, त्यातल्या कित्येक कटिंगवर लागायला हट्टी असतात.

पुन्हा लावताना फूल येऊन गेलेली, पेन्सिलएवढी जाड फांदी घ्या, 15 ते 20 सेंमी, काप डोळ्याच्या लगेच खाली. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. कुंडीला भोक हवंच, जागा सावलीची. पालवी फुटली म्हणून उपटून बघू नका. साठ्यावरही पालवी येते, आणि बुडाला दिसणारी पांढरट फुगीर गाठ म्हणजे मुळं नव्हेत. महिनाभर थांबा. शेणखत नंतर, मुळं धरलेलं रोप मोठ्या कुंडीत लावताना घाला, तेव्हा ते खरंच कामी येतं.

मिश्रणाची नवी पिशवी आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. येताना फांदी ओल्या कापडात गुंडाळून आणलीत तर काप इथेच करून देतो. सोमवारी नर्सरी बंद असते.