फुगलेल्या बॅटरीला सुई लावू नका! एका फॉरवर्डला उत्तर

परवा दुपारी ठाण्यातल्या नौपाड्याहून मामाचा फोन आला. "अगं, शिवणाची सुई चालेल की दाभण घेऊ?" मला वाटलं, पिशवी नाहीतर गोधडी शिवायला काढली असेल. विचारलं तर म्हणाला, "लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, गॅस काढायचाय. ग्रुपवर आलंय, तुला पाठवलंय बघ."

"मामा, हात लावू नकोस, लांब जाऊन बस," एवढंच मी ओरडले आणि कळव्याहून निघाले. गाडीने एकच स्टेशन, पुढे पंधरा मिनिटं पायी. पोचले तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा होता. चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरने काढलेले स्क्रू वाटीत ठेवलेले, मागचं झाकण उघडलेलं आणि बाजूला दोरा ओवलेली सुई. आतल्या तीन चपट्या रुपेरी पाकिटांपैकी मधलं पुरीसारखं टम्म झालं होतं.

मामा भोळा नाही. पस्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले त्याने. पण नव्या बॅटरीचे साडेतीन हजार सांगितलेले, आणि त्याच आठवड्यात 'लॅपटॉप-मोबाइलबद्दल कंपन्या लपवतात त्या ८ गोष्टी' या मथळ्याचा मेसेज ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आला. पैसे वाचवायची इच्छा कुणाला नसते? तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकले होते, याचं आता वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फुगलेली बॅटरी सुईने टोचून गॅस काढा, भोकावर सेलोटेप लावा, बॅटरी पहिल्यासारखी होते. बॅटरी रोज शून्यावर आणून मगच चार्ज करा. लॅपटॉप ८० टक्क्यांवर थांबत असेल तर ते सेटिंग बंद करा. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन फुटतो. भिजलेला फोन लगेच बंद करून तांदळात ठेवा. लिनक्सला (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली, मामाच्या लॅपटॉपवर तीच आहे) व्हायरस लागत नाही, म्हणून अपडेट बंद करून डेटा वाचवा. रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, भरलेली दिसली की रोज साफ करा. आणि विंडोज १० संपलं, तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात द्या.

आधी ती सुई.

बॅटरी फुगते ती आत गॅस साठल्यामुळे, एवढं मेसेजमध्ये खरं आहे. पण तो गॅस म्हणजे फुग्यातली हवा नव्हे. लिथियम-आयन सेलमध्ये, म्हणजे त्या प्रत्येक रुपेरी पाकिटात, जो द्रव असतो, इलेक्ट्रोलाइट, तो पेट घेणाऱ्या सेंद्रिय द्रावकांचा असतो. सेल म्हातारा झाला, फार तापला किंवा सतत पूर्ण भरलेला राहिला की हा द्रव विघटित होतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू बनतात. यातले बरेचसे पेटणारे आहेत. म्हणजे फुगणं हा आतल्या बिघाडाचा परिणाम. गॅस काढून टाकला तरी द्रव बिघडलेलाच राहतो आणि थर खराबच राहतात. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून ताप उतरत नाही, तसंच हे.

आणि सुई आत जाते तेव्हा काय होतं ते बघा. त्या पाकिटात धन आणि ऋण थरांच्या घड्या एकावर एक असतात. दोन थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पापुद्रा असतो, साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. त्या पापुद्र्यावर सगळी सुरक्षा टिकून आहे. धातूची सुई तो फाडते आणि स्वतःच दोन्ही थरांना जोडते. आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, तिथे उष्णता तयार होते, त्या उष्णतेने शेजारचा पापुद्रा वितळतो, आणखी मोठा शॉर्ट होतो. एकदा हे सुरू झालं की बटण बंद करून थांबत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीत ४०-५० वॉट-तास ऊर्जा असते, नऊ वॉटचा एलईडी दिवा पाच तास चालेल एवढी. ती काही मिनिटांत बाहेर पडते, आणि पेटणाऱ्या द्रवाची आग वेगळी.

हे मी घाबरवायला सांगत नाही. बॅटरी बनवणारेच सेलची परीक्षा घ्यायला मुद्दाम खिळा ठोकतात. ही चाचणी सगळ्यांत कडक मानली जाते. २०२० साली चीनच्या बीवायडी कंपनीने आपल्या 'ब्लेड' बॅटरीसाठी अशीच चाचणी जाहीरपणे दाखवली. त्यांच्या बॅटरीचा पृष्ठभाग ३० ते ६० अंश सेल्सिअसवर राहिला. तुलनेसाठी घेतलेल्या निकेल-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीचं तापमान मात्र ५०० अंशांच्या वर गेलं आणि ती भडकून पेटली. चाचणी कंपनीने स्वतःचा माल विकण्यासाठी केली होती, हे मला मान्य आहे. पण आपल्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये बहुतेक कोबाल्ट असलेल्या जातीचेच सेल असतात, ब्लेडचे नसतात. जी गोष्ट प्रयोगशाळेत आगीची तयारी ठेवून करतात, ती नौपाड्यातल्या लाकडी टेबलावर, पडद्याच्या खाली, सत्तरीतल्या माणसाने करायची?

मेसेजबरोबर एक व्हिडिओ आहे. त्यात एक जण सेल टोचतो, फुस्स आवाज येतो आणि काहीच पेटत नाही. मामा मला तेच दाखवत होता. नाही पेटला, खरं आहे. सेल पूर्ण उतरलेला असेल किंवा सुईचं टोक पाकिटाच्या मोकळ्या कडेतच गेलं असेल, तर नाही पेटत. पण व्हिडिओत सेलमध्ये किती चार्ज होता ते सांगितलेलं नाही, आणि मामाच्या लॅपटॉपमध्ये ७० टक्के चार्ज होता. शिवाय न पेटताही तो 'फुस्स' धोक्याचा आहे. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं क्षार ओलाव्याशी भेटलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, जो डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो. ठाण्याच्या हवेत ओलाव्याची कमतरता कधी असते? मामा त्या बॅटरीवर वाकून, चष्मा नाकावर घेऊन, तोंड एक वितीवर ठेवून टोचणार होता.

सेलोटेपचं तर बोलायलाच नको. भोकातून आत गेलेली हवा आणि दमटपणा तो सेल संपवतात. पहिल्यासारखा तो कधीच होत नाही. आणि टोचल्यावर लगेच काही झालं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही, काही तासांनी चार्जिंगला लावल्यावरही तो पेटू शकतो.

मग करायचं काय? टचपॅड वर आला, त्याचं बटण दाबलं जात नाही, झाकणाला फट पडली, फोनची स्क्रीन कडेने उचलली, ही लक्षणं दिसली की चार्जर काढा आणि यंत्र बंद करा. पुन्हा चार्ज करू नका. दाबून, वजन ठेवून सपाट करू नका. लादीवर ठेवा, पडदे, कागद, गादी यांच्यापासून लांब, आणि बाहेर पडायच्या दाराजवळ नको, कारण पेटलंच तर तिथूनच पळायचं आहे. धूर दिसला तर खोली सोडा, दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा. एरवी तसंच्या तसं दुरुस्तीवाल्याकडे न्या. मामाचा लॅपटॉप मी पाचपाखाडीतल्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू बॅटरी सोडवली आणि वाळूच्या बादलीत ठेवली. लोखंडाचं काहीही जवळ आणलं नाही.

आणि कृपा करून ती घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबलेली बॅटरी टोचलेल्या बॅटरीसारखीच वागते. भाजतो तो गाडीवरचा माणूस. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत आपल्यावरही जबाबदारी आहे: बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवायची आणि गोळा करणाऱ्याकडे द्यायची. परत घेऊन तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांची आहे.

आता बाकीचं, भराभर.

रोज शून्यावर आणणं. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. जुन्या कॉर्डलेस फोनला आणि दाढीच्या मशिनला तो लागू होता, म्हणून मामाच्या पिढीला तो पाठ आहे आणि त्यात त्यांची चूक नाही. पण सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली, तिला जुन्या बॅटरीसारखी, अर्धवट उतरवून भरल्यास क्षमता कमी करणारी 'स्मृती' नसते. उलट दर वेळी शून्यावर नेलं की ती लवकर झिजते. टक्केवारी चुकीची दाखवत असेल तर कधीतरी एकदा पूर्ण उतरवून भरल्याने आकडा ताळ्यावर येतो, बस.

रात्रभर चार्जिंग. इथे मला थोडं मान्य करावं लागतं. फोन 'ओव्हरचार्ज' होऊन फुटतो हे चूक आहे. सेल साधारण ४.२ व्होल्टला पोचला की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. पण बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर आणि गरम ठेवणं तिला मारतं, हे खरं. उशीखाली फोन ठेवून झोपू नका, हेही खरं. मामाचा लॅपटॉप फुगला तो याच कारणाने. चार वर्षं चार्जर दिवसरात्र लावलेला, पंख्याची जाळी धुळीने बुजलेली. मूळ ४१ वॉट-तासांची बॅटरी आता जेमतेम १७ भरत होती. हा आकडा मला लिनक्सवरच्या पॉवर स्टॅटिस्टिक्स या ॲपमध्ये महिनाभर आधी दिसला होता. 'बदलू या पुढच्या महिन्यात' म्हणून मीच पुढे ढकललं.

म्हणूनच ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग बंद करा, हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. लोकांची एक चांगली सवय तो मोडतो आहे. लॅपटॉप कायम टेबलावर असेल तर ८० ची मर्यादा जरूर लावा. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या ४८ व्या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२५ पासून, ही सोय सेटिंग्जमध्येच आहे. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही आहे. लिनक्सच्या मिंट या प्रकारावर टीएलपी नावाचा छोटा प्रोग्राम टाकून करता येतं. अट एकच, लॅपटॉपच्या फर्मवेअरने, म्हणजे कंपनीने यंत्रातच घातलेल्या मूळ प्रोग्रामने, साथ दिली पाहिजे. मामाच्या जुन्या यंत्रात ती सोय नाही, तिथे चार्जर हाताने काढणं हाच उपाय.

तांदूळ नको. फोन लगेच बंद करा, एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही, आणि त्याचे कण पोर्टमध्ये अडकतात. ॲपलने आपल्या सूचनांमध्ये तांदळाच्या पिशवीत ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. पोर्ट खाली धरून हलकेच थोपटा, वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवा, चार्जर लावायची घाई करू नका. पोर्ट पूर्ण वाळायला चोवीस तासही लागू शकतात.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, म्हणून अपडेट बंद करा. घरच्या वापरात लिनक्सवर व्हायरसचा त्रास फार कमी, हे मीच मामाला सांगितलं होतं. पण त्याचं एक मोठं कारण हेच की अपडेट वेळेवर येतात आणि लोक ती घेतात. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीऐवजी मागचं दार उघडं ठेवलेली फाइल लोकांना मिळत होती. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या छोट्याशा प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरवाट लपवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं दिसलं, म्हणून ते सापडलं. दोन्ही वेळा ते लवकर पकडलं गेलं ते लक्ष ठेवणाऱ्या माणसांमुळे, आणि त्यांनी केलेली दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत अपडेटमधूनच पोचते. मिंट उतरवून घेताना दिलेला चेकसम, म्हणजे फाइल अस्सल असल्याची खूण पटवणारा आकडा, ताडून बघा, आणि कुणी पाठवलेली कमांड अर्थ कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका.

रॅम साफ करणं. लिनक्स रिकामी रॅम फाइली लवकर उघडाव्यात म्हणून वापरतं आणि गरज पडली की लगेच मोकळी करतं. साफ करण्यासारखं तिथे काही नाही.

राहिलं विंडोज १०. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे बरोबर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, मामाचा त्याहून जुना आहे, हेही बरोबर. पण त्यावरून 'भंगारात द्या' कसं निघतं? लिनक्स मिंट २२ ला चार जीबी रॅम पुरते आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. मामा त्यावर वर्तमानपत्र वाचतो, सोसायटीचे हिशेब लिब्रेऑफिसमध्ये ठेवतो, नातीशी व्हिडिओवर बोलतो. त्या यंत्रात खराब झाली होती ती फक्त बॅटरी.

मामा, नवी बॅटरी मंगळवारी दुकानात येते आहे, मीच घेऊन येते. तोवर लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालेल, पण वीज गेली की एकदम बंद पडेल, म्हणून हिशेब लिहिताना दर थोड्या वेळाने सेव्ह करत जा. खाली उजवीकडे ढालीचं चिन्ह दिसतं ना, त्यावर ठिपका आला की अपडेट घे. आणि ग्रुपवर ज्यांनी तो मेसेज टाकला, त्यांना हे पाठव. त्यांच्याही घरी एखादी बॅटरी फुगलेली असेल.