धूर नाही म्हणजे विष नाही? शेगडीच्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: निखारे लालभडक झाले, धूर थांबला की शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही. कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवा, विषारी वायू पाणी ओढून घेतं. कुणाला गरगरलं तर बोटाला ऑक्सिमीटर लावा, आकडा ९५ च्या वर असेल तर निर्धास्त राहा. आणि बेशुद्ध पडलेला माणूस मोकळ्या हवेत शुद्धीवर आला की विषय संपला. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. शेवटची सगळ्यात महागात पडते.

‘धूर थांबला की धोका संपला.’ उलट आहे. धूर म्हणजे लाकडातले अर्धवट जळलेले घटक. ते निघून गेले की उरतो नुसता कार्बन, आणि कार्बन मोनॉक्साइड तिथूनच तयार होतो. खालच्या थरात झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना दिसते ना, ती याच वायूची. ती विझली, निखाऱ्यांवर राख धरली की वायू न जळता खोलीत पसरतो. ना रंग, ना वास. मग पन्हाळ्यावर तंबूत बार्बेक्यूची शेगडी ओढून घेणं असो की घमेल्यात निखारे भरून, दाराच्या फटीत पोतं कोंबून झोपणं असो, रात्र सारखीच धोक्याची.

गॅस गीझरलाही धूर नसतो. सिलिंडरच्या गॅसचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, आणि ते ज्योतीत जळून जातं. त्यामुळे गीझरच्या धुरांड्यातून येणारा वायू नाकाला कळत नाही. हिशेब करून बघा. ६ लिटरचा गीझर साधारण १२ किलोवॅटचा, म्हणजे तासाला जवळजवळ किलोभर गॅस. एका किलोला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ५ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवा आहे जेमतेम ७ घनमीटर. दार-खिडकी बंद ठेवून तिघांनी पाठोपाठ आंघोळी केल्या की तिसऱ्याच्या वेळी ज्योतीला हवा कमी पडते आणि मोनॉक्साइड वाढतो. नुसता एक्झॉस्ट फॅन बसवून भागत नाही. दाराखालून हवा आत यायला जाळी नसेल तर तो फॅन धुरांड्यातला वायूच परत आत खेचतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या जागी हवा.

‘बादली वायू ओढून घेते.’ हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. १० बाय १० बाय १० फुटांच्या खोलीत त्याचं प्रमाण ०.१ टक्का झालं, म्हणजे तास-दोन तासांत माणूस कोसळेल इतकं, तर खोलीत तो साधारण २८ लिटर असतो. १५ लिटरची बादली त्यातला अर्धा मिलिलिटरसुद्धा घेत नाही.

‘ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय.’ दाखवणारच. साधा ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडून रक्ताचा रंग मापतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. रक्ताचा चौथा हिस्सा निकामी झालेला असतानाही आकडा छान येतो. खरी तपासणी म्हणजे हॉस्पिटलात रक्त घेऊन को-ऑक्सिमीटर या यंत्रावर कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, मोजणं. शिरेतलं रक्तही चालतं. ओठ लालचुटुक होतात म्हणून ओळखता येतं, असंही त्या मेसेजमध्ये असतं. जिवंत रुग्णात ते क्वचित दिसतं.

आता चौथा मुद्दा, ‘शुद्धीवर आला की विषय संपला.’ हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. शिवाय उरलेला ऑक्सिजनही रक्त पेशींना सहज सोडत नाही. साध्या हवेत रक्तातल्या मोनॉक्साइडचं प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ६ तास लागतात, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. अंगणात खाटेवर झोपवून ताक पाजणं, नाकाला कांदा लावणं यात जातो तो वेळ मेंदू आणि हृदयाचा.

हृदयावर मार दुहेरी. ऑक्सिजन कमी म्हणून ते जोरात धडधडतं, आणि धडधडायला जो ऑक्सिजन लागतो तोच नाही. स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनलाही हा वायू चिकटतो. रक्तवाहिन्या स्वच्छ असलेल्या तरुणाचाही ईसीजी बिघडतो, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढतं, ठोके अनियमित होतात. अमेरिकेत २३० रुग्णांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र विषबाधेच्या या रुग्णांपैकी ३७ टक्क्यांच्या हृदयाला इजा झालेली होती. पुढच्या साधारण साडेसात वर्षांत इजा झालेल्यांतले ३८ टक्के दगावले, इजा नसलेल्यांतले १५ टक्के. म्हणून ‘बोलतोय की आता’ म्हणून घरी नेण्याआधी ईसीजी आणि ट्रोपोनिन मागून घ्या.

मेंदूचं प्रकरण जास्त फसवं. माणूस बरा होतो, कामावर जातो, आणि २ ते ४० दिवसांनी बिघडायला लागतो. पैसे दोनदा देतो, ओळखीचा रस्ता चुकतो, चिडतो किंवा गप्प बसतो, पावलं घासत चालतो, कधी लघवी कपड्यातच होते. मेंदूतलं आतलं पांढरं द्रव्य आणि हालचाली सांभाळणारी ग्लोबस पॅलिडस ही जोडी यांना इजा झालेली असते. एमआरआयवर ती दिसू शकते. घरचे म्हणतात, धसका घेतलाय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा आठवड्यांनी स्मरण-विचारशक्तीच्या तक्रारी नेहमीचा ऑक्सिजन घेतलेल्या ४६ टक्के रुग्णांत होत्या, हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षात ऑक्सिजन घेतलेल्या २५ टक्क्यांत. असा कक्ष सगळीकडे नसतो; तो शोधण्यात मास्कचा ऑक्सिजन थांबवू नका.

मग करायचं काय? बाहेरून दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून बाहेर काढा. आत थांबून नाडी बघू नका, दुसरा बळी असाच जातो. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. ऑक्सिजन द्यायचा तो खाली पिशवी असलेल्या मास्कने, मिनिटाला १५ लिटर. नाकातल्या नळीचा घरगुती यंत्रावरचा ऑक्सिजन अपुरा. त्या खोलीत जे जे होते त्या सगळ्यांना न्या, गरोदर बाईला ती ठणठणीत वाटली तरी आधी, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू हळू निघतो.

किती वाजता सापडला, किती वेळ आत होता, ऑक्सिजन कधी सुरू झाला, हे कागदावर लिहून ठेवा. रक्त घ्यायला उशीर झाला तर आकडा कमी येतो आणि त्यावरून विषबाधा नव्हतीच असं ठरवलं जातं. चार-सहा आठवड्यांनी तपासणीला जाताना तोच कागद बरोबर न्या. नुसतं ‘हल्ली विसरतो’ असं सांगितलं तर तपास भलत्याच दिशेला जातो.