झोप उडवायची शास्त्रोक्त पद्धत

झोप कशी सुधारावी हे सांगणारे पायलीचे पन्नास भेटतात. गरम दूध प्या, तळपायाला काशाची वाटी घासा, शवासन करा. पण चांगली चाललेली झोप पद्धतशीरपणे बिघडवायची कशी हे कोणी धड सांगत नाही, सगळे आपापलं हौशी काम करत बसतात, आज एक वेबसिरीज, उद्या मित्राच्या गच्चीवर गप्पा, आणि मग एखाद्या रात्री शरीर मस्त घोरून सगळं वसूल करून घेतं. केलेली मेहनत पाण्यात. असं नाही चालत हो. शरीर चिवट असतं, त्याला झोपायचंच असतं, त्यामुळे आधी समोरच्याची ताकद बघून घ्या.

झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलं की झोपेचा कारभार दोघं मिळून बघतात. एक म्हणजे झोपेचा दाब. सकाळी उठल्यापासून मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जितका वेळ जागे तितका दाब जास्त, आणि झोपलं की तो उतरतो. दुसरं म्हणजे मेंदूतलं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर हा पेशींचा छोटासा पुंजका असतो, आणि त्याला कोणी किल्ली द्यावी लागत नाही. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवून बघितलं, तरी पानं आपली दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. फळमाशीत हे घड्याळ कुठल्या जनुकांवर चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. म्हणजे झाडाला वेळ कळते, माशीला कळते. पण त्यांच्याकडे चार्जर नाही, आपल्याकडे आहे.

आधी दाबाचं बघू. इथे चहासारखा साथीदार नाही. कॅफिन काय करतं, तर ॲडेनोसिनला हात लावत नाही, फक्त मेंदूत ते जिथे जाऊन बसणार ती जागा आधीच अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं. ॲडेनोसिन बिचारं उभ्याने प्रवास करतं आणि तुम्हाला वाटतं थकवा गेला. साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं कॅफिन शरीरात शिल्लक असतं (कोणात कमी कोणात जास्त), तेव्हा संध्याकाळी सहाचा चहा अजिबात चुकवू नका, जेवणानंतर कोणाकडे गेलात तर "अर्धाच द्या" म्हणून तोही घ्या. आणि "मला काही होत नाही बुवा, मी कॉफी पिऊन आडवा झालो की लगेच झोप" असं सांगणारे असतात ते तर आपले मेरिटचे विद्यार्थी. झोप लागते त्यांना, पण गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि त्यांना ते कळतसुद्धा नाही. सकाळी उठवत नाही म्हणून परत कडक चहा. याहून चोख व्यवस्था मी तरी बघितली नाही.

दाब कमी करायचा दुसरा मार्ग म्हणजे भलत्या वेळी थोडं थोडं झोपून तो उतरवून टाकणं. वामकुक्षी वीस मिनिटांची असावी असं मानणारे लोक अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. रविवारी मटण झालं की पडदे ओढा, पंखा पाचवर, आणि जागे व्हाल तेव्हा बाहेरचा उजेड सकाळचा की संध्याकाळचा हे कळता कामा नये, तेवढी झोप झाली पाहिजे. पण खरं कसब रात्री नऊ साडेनऊला सोफ्यावर आहे. मान छातीवर, तोंड उघडं, टीव्ही चालू. घरातून आवाज येतो, "बाबा, आत जाऊन झोपा." त्यावर डोळे न उघडता म्हणायचं, "झोपलोय कुठे, बघतोय मी." रिमोट हातातून काढून घेतला तर लगेच जागं व्हायचं, ही यातली मुख्य कला. दिवसभर साठलेला दाब असा पाऊण तासात उतरला की मग अकराला पलंगावर पडून निवांत छताकडे बघत बसता येतं आणि वर तक्रारही करता येते की हल्ली झोपच येत नाही, वय झालं.

आता घड्याळ. त्याची वेळ लावायला मुख्यतः उजेड लागतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी आहेत ज्यांचं मुख्य काम दिसण्याशी नाहीच, बाहेर दिवस आहे का एवढं त्या घड्याळाला कळवतात, आणि निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त लागतो. म्हणून सकाळी उन्हात जायचं नाही. घर, लिफ्ट, पार्किंग, गाडी, ऑफिस असा मार्ग ठेवला तर सूर्याशी संबंध येत नाही. रात्री मात्र घरातल्या सगळ्या पांढऱ्या ट्यूब लखलखीत, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं जे मेलाटोनिन, त्याला वाटलं पाहिजे की अजून आपली पाळी आलेली नाही. फोनच्या निळ्या उजेडाला लोकांनी जरा जास्तच बदनाम केलंय असं माझं मत आहे, छतावरच्या ट्यूबपुढे तो काहीच नाही. फोनची खरी ताकद त्यात जे लिहिलेलं असतं त्यात. स्क्रीन पिवळी करा, ब्राइटनेस कमी करा, सगळे सल्ले पाळा, आणि मग साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण उघडा. बी विंगवाल्यांनी जे लिहिलंय त्याला उत्तर टाइप करा, खोडा, परत टाइप करा. एक कधी वाजला कळणार नाही, रक्तदाब वाढेल तो बोनस.

शनिवार-रविवारचं एक वेगळं आहे. सोमवार ते शुक्रवार बारा ते सहा झोपत असाल तर तुमची मध्यरात्र, म्हणजे झोपेचा बरोब्बर मध्य, तीनला. सुट्टीला दीड ते साडेनऊ झोपलात की ती साडेपाचला. अडीच तासांचा फरक, म्हणजे शरीर दर शुक्रवारी मॉस्कोला जाऊन सोमवारी पहाटे परत येतं, तेही बिनतिकिटाचं. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी याला सोशल जेटलॅग असं नाव दिलंय. आपल्याकडे त्याला आराम म्हणतात.

दारूचं काय सांगायचं, तिने गुंगी लवकर येते, पहिल्या भागातली स्वप्नांची झोप कमी होते आणि उत्तररात्री सारखी जाग येते. त्यात घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं. घोरता घोरता कोणाचा श्वास मध्येच थांबत असेल आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा परत सुरू होत असेल तर डॉक्टरकडे नेऊ नका, आपल्याकडे पद्धत अशी की "काय गाढ झोपलाय बघा" म्हणायचं, व्हिडिओ काढायचा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा.

एवढं करूनही झोप येतेय असं वाटलं तर पलंगावरच लॅपटॉप उघडा. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या, असा एक उपचार आहे आणि तो बऱ्याच जणांना लागू पडतो, म्हणून तो टाळा. पडून राहा, आणि हिशेब करा: आत्ता लागली तर पाच तास दहा मिनिटं मिळतील, आत्ता लागली तर चार पन्नास. मनगटावर झोप मोजणारं घड्याळ बांधा. सकाळी छान ताजंतवानं वाटलं तरी लगेच उठायचं नाही, आधी स्कोअर बघायचा, बासष्ट आला की मग दिवसभर थकून राहायचं. या आकड्यांच्या काळजीने झोप जाणारे लोक अमेरिकेत डॉक्टरांकडे यायला लागले आणि २०१७ मध्ये त्याला ऑर्थोसोम्निया असं नावसुद्धा मिळालं.

इतकं जमलं की वर्षाची परीक्षा म्हणजे गणपतीला कोकणात जायचं. सकाळी सहाला उठून ऑफिस करा, सामान भरा, आणि रात्री अकराला स्टिअरिंगवर बसा, रस्ता मोकळा मिळतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं, आणि आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० ची आहे. पण घाबरू नका, पोलिसांनी फुंकायला लावलं तर बिनधास्त फुंका, मशीनमध्ये शून्य येतं. ताशी ८० ने जाताना चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळजवळ ९० मीटर आपली आपण जाते, तेवढंच पाय मोकळे. काच खाली करा, गाणी जोरात लावा, पेंग त्याने फारशी जात नाही पण आपण काहीतरी केलं असं वाटतं. आणि मागच्या सीटवरच्या मेव्हण्याला अजिबात सांगू नका. तो दुपारी जेवून तीन तास झोपून आलाय, त्याला गाडी चालवता येते, पण घाटात तो क्लच जास्त दाबतो.